शंभरांतील सत्तर

अलर्क म्हणजेच रेबीज या रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाली की रोगी हाती लागत नाही, ही गोष्ट आपल्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक असते. पाण्याचा पेला ओठांशी नेताच घशाला बसणारा झटका, वाऱ्याच्या साध्या झुळकेने अंगभर उठणारा थरकाप आणि त्या यातनांच्या मधूनमधून परतणारी स्वच्छ शुद्ध, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याच्या मनातून ते पुसले जात नाही. परंतु याच रोगाची दुसरी बाजू त्या मानाने फारच थोड्यांच्या ध्यानी असते. माणसाला होणारा रेबीज शंभरांतील नव्याण्णव वेळा कुत्र्याच्या दंशातून येतो, माणसापासून माणसाकडे तो जवळजवळ कधीच जात नाही, आणि त्यामुळे कुत्र्याकुत्र्यांमधील संक्रमणाची साखळी तुटली तर माणसांमधील रोग औषधावाचून संपुष्टात येतो. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा एक सर्वमान्य अंदाज आहे. त्यांतील तिसरा हिस्सा भारताच्या पदरी येतो असे दीर्घकाळ धरले जात असे, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडील पाहणीने आपल्या देशातील वार्षिक मृत्यूंचा अंदाज ५,७२६ इतका खाली आणला आहे. एवढी तफावत दोन अंदाजांत पडावी, यावरूनच या मृत्यूंची दप्तरी नोंद किती विरळ होते हे दिसते. मरणाऱ्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचा भरणा मोठा असतो, कारण कुत्र्याच्या तोंडाशी मुलांचा चेहरा आणि हात सहज पोहोचतात आणि झालेली जखम मूल पुष्कळदा घरी सांगत नाही.

या रोगाशी झालेल्या आपल्या झुंजीचा इतिहास पाहिला तर तो बहुतांशी माणसाच्या उपचाराचा इतिहास आहे. लुई पाश्चरने १८८५ च्या जुलै महिन्यात जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचविले. त्यानंतर पंधरा वर्षांत, १९०० साली, कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था उभ्या राहिल्या. कसौलीतच डेव्हिड सेंपल याने मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध करण्याची रीत बसविली, आणि तीच लस पुढे जवळजवळ शतकभर आपल्या सरकारी दवाखान्यांतून दिली गेली. बेंबीभोवती चौदा सुया टोचून घेतलेल्या माणसांची एक संपूर्ण पिढी आजही हयात आहे. ती लस आता इतिहासजमा झाली असून तिच्या जागी पेशींवर वाढविलेली, दंडाच्या कातडीत अल्प मात्रेत देता येणारी निर्धोक लस आली आहे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवावी, विलंब न लावता दवाखाना गाठावा, लसीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी पुऱ्या कराव्यात आणि जखम रक्ताळलेली असेल तर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही जखमेत घ्यावे, एवढे केले तर दंश झालेला माणूस वाचतो. या उपचाराचे मोल मी तिळमात्र कमी करीत नाही. पण आपल्या देशात वर्षाला नव्वद लाखांवर माणसांना प्राणी चावतात, आणि त्या प्रत्येकाला वेळेवर गाठून लस दिली तरी रस्त्यावरील कुत्र्यांत फिरणाऱ्या विषाणूवर तिचा यत्किंचितही परिणाम होत नाही. पुढच्या वर्षी तेवढ्याच माणसांसाठी तेवढाच खर्च पुन्हा मांडावा लागतो.

दुसरा जुना मार्ग कुत्री मारण्याचा. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात सरकारने मोकाट कुत्री मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मुक्रर केले, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज कोट भागात रस्त्यावर उतरला आणि शहराचा व्यवहार ठप्प झाला. त्या उठावाने सरकारला धडा शिकविला असे म्हणता येत नाही, कारण कुत्री मारण्याचा हा उद्योग मुंबईत त्यानंतरही दीडशे वर्षे या ना त्या रूपात चालू राहिला, आणि इतकी वर्षे कुत्री मारूनही कुत्री आणि रेबीज दोन्ही शहरात कायम राहिली. इंडोनेशियातील बाली बेटावर २००८ साली हा रोग प्रथमच शिरला, तेव्हाही अधिकाऱ्यांचा पहिला भर कुत्र्यांच्या कत्तलीवर होता. आपला कुत्रा वाचावा म्हणून लोक त्याला दुसऱ्या गावी नेऊ लागले, लस टोचलेली कुत्रीही मारली गेली, आणि रोग बेटभर पसरला. २०१० साली साऱ्या बेटावर जाळी आणि लस घेऊन पथके फिरू लागली, तेव्हा कुठे रुग्णांची संख्या उतरणीस लागली. यामागील कारण सरळ आहे. एका गल्लीतील अन्नाला आणि आडोशाला जितकी कुत्री पोसण्याची ऐपत असते तितकी कुत्री तेथे पुन्हा येतात. मारलेल्या प्रौढ कुत्र्याची जागा नवा, तरुण, लस न टोचलेला कुत्रा घेतो, आणि लस घेऊन रोगाची वाट अडवून बसलेला जुना कुत्रा मात्र आपण स्वहस्ते नाहीसा केलेला असतो.

तिसरा मार्ग कुत्र्यांना लस टोचण्याचा, आणि तोही काही आजचा नव्हे. जपानमध्ये उमेनो आणि दोई या दोघांनी १९२१ साली कुत्र्यांसाठी एका मात्रेची लस तयार केली. १९५० साली तेथे रेबीज प्रतिबंधाचा कायदा झाला आणि १९५७ नंतर त्या देशातील कुत्र्यांत हा रोग उरला नाही. लॅटिन अमेरिकेतील देशांनी १९८३ पासून संघटितपणे वार्षिक मोहिमा चालविल्या, आणि २०१९ साली मेक्सिको हा कुत्र्यांमुळे माणसांना होणाऱ्या रेबीजपासून मुक्त झालेला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केला. म्हणजे साधन सिद्ध आहे, स्वस्त आहे, आणि वर्षभर पुरते. मग आपल्या शहरांत दरसाल हजारो मात्रा टोचल्या जाऊनही रोग का हटत नाही, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर लसीच्या कुपीत सापडत नाही. ते मोहिमेच्या हिशेबात सापडते.

सत्तर टक्के हा या हिशेबातील प्रसिद्ध आकडा आहे. पिसाळलेला एक कुत्रा मरण्यापूर्वी सरासरी एक ते दोन कुत्र्यांना रोग देतो, असे निरनिराळ्या देशांतील साथींच्या अभ्यासातून दिसून आले आहे. गोवर अथवा देवी यांच्या तुलनेत हा वेग मंद आहे, आणि त्यामुळे निम्म्याहून किंचित अधिक कुत्री कोणत्याही क्षणी सुरक्षित असली तरी साखळी आपोआप क्षीण होत जाते. तर मग सत्तर का? कारण रस्त्यावरील कुत्र्याचे आयुष्य अल्प असते. समजा एका वस्तीत शंभर कुत्री आहेत, त्यांतील सत्तरांना आज लस दिली, आणि वर्षभरात त्या शंभरांतील तीस कुत्री अपघाताने, रोगाने, उपासमारीने मेली व तितकीच पिल्ले जन्मून मोठी झाली. तर वर्षाच्या अखेरीस लस घेतलेली कुत्री एकोणपन्नासच उरतात. म्हणजे सत्तर ही वर्षारंभीची शिल्लक आहे, आणि ती दरवर्षी झिजत जाऊन धोक्याच्या रेषेपाशी येते. साठावर समाधान मानणारे शहर वर्षाचा उत्तरार्ध उघड्यावर काढते. यंदा मोहीम, पुढील वर्षी निधी नाही, त्यापुढील वर्षी पुन्हा मोहीम, असा कारभार असेल तर मधल्या वर्षात मागचे सर्व काम वाया जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत उपेक्षित गोष्ट, ही की न टोचलेली तीस कुत्री कोठे आहेत यावर मोहिमेचे भवितव्य ठरते. तीच तीस कुत्री शहरभर विखुरलेली असतील तर त्यांच्या आजूबाजूला लस घेतलेली कुत्री असतात आणि रोगाला पुढची वाट सापडत नाही. पण ती सर्व एका झोपडपट्टीत, एका लष्करी छावणीच्या आवारात, एका मच्छीबाजारामागील खाजणाच्या कडेला एकवटलेली असतील, तर सरासरीच्या कागदावर सत्तर टक्के लिहिलेले असूनही तेथे शून्य टक्के असतात. शेताचा बांध चारही बाजूंनी कितीही भक्कम घातला तरी एका जागी खांड पडली की पाणी तेथूनच वाहून जाते. शहरातील रेबीज अशाच एखाद्या दुर्लक्षित वाडीत तग धरतो. म्हणून एकूण किती मात्रा दिल्या हा आकडा वर्तमानपत्रासाठी कितीही भरघोस दिसला तरी मोहीम चालविणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. त्याला हवी असते न टोचलेल्या कुत्र्यांची, जागेसह, रुजवात घातलेली नोंद.

गोव्यात २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या सहकार्याने जी मोहीम चालविली, तिचे मोल या नोंदीत आहे. गोवा हे एक राज्य असले तरी ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि सुमारे पंधरा लाख वस्ती, म्हणजे एका मोठ्या महानगरापेक्षा कमी लोकसंख्येचा, गावे एकमेकांना लागून गेलेला मुलूख. त्यामुळे शहरव्यापी मोहिमेचा जो कारभार असावा तोच येथे राज्यव्यापी स्वरूपात पाहावयास मिळतो. कामाचा आरंभ नकाशापासून होतो. मुलखाचे एका पथकाला एका दिवसात पुरे करता येतील असे लहान तुकडे पाडावयाचे, त्यांच्या हद्दी रस्ता, नाला, लोहमार्ग अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून आखावयाच्या, आणि त्या पथकप्रमुखाच्या मोबाईलवर उतरवावयाच्या. पथक फिरू लागले की त्याची वाट त्या नकाशावर उमटते; ज्या गल्लीत रेघ गेली नाही ती गल्ली राहिली, हे मुख्य कचेरीत बसलेल्या माणसाला त्याच दिवशी कळते. अर्जफाट्याच्या आणि तोंडी अहवालाच्या पद्धतीत जी गोष्ट महिन्याने, तीही चुकीची, समजली असती, ती येथे सूर्यास्तापूर्वी समजते.

पथके भल्या पहाटे निघतात, कारण ऊन चढले की कुत्री गाड्यांखाली, गटारांत, ओसाड घरांत शिरतात. पोदेर, म्हणजे गोव्यातील पाववाला, सायकलचा भोंगा वाजवीत पाव घेऊन वाड्यावर येतो, घराघरांची दारे उघडतात आणि कुत्री अंगणात, चवाठ्यावर दिसू लागतात, त्या घटकेला पुष्कळ काम उरकते. घरची कुत्री मालकाने धरून ठेवली तर पशुवैद्यकीय साहाय्यक तेथेच लस देतो. पण गोव्यात, आणि आपल्या बहुतेक शहरांत, ज्याला आपण मोकाट म्हणतो त्या कुत्र्याला पुष्कळदा कोणीतरी खाऊ घालणारे घर असते, मात्र हातात धरणारा माणूस नसतो. त्याच्यासाठी जाळे लागते. आफ्रिकेतील ब्लँटायर शहरात २०१५ साली वीस दिवसांत पस्तीस हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देता आली, ती बऱ्याच अंशी लोकांनी आपली कुत्री स्वतः लसीकरणाच्या ठिकाणी आणली म्हणून. आपल्याकडे चौकात मंडप टाकून वाट पाहत बसलेल्या डॉक्टरपुढे रस्त्यावरचा कुत्रा येणार नाही.

जाळे धरणे हे एक कसब आहे आणि त्याचे वर्णन करण्याजोगे आहे. लांब दांड्याच्या टोकाला कडे आणि कड्याला खोल पिशवीसारखे जाळे असते. दोघे जाळेवाले कुत्र्याकडे थेट न पाहता, जाळे पायाशी ठेवून, दोन बाजूंनी संथ चालत येतात; तिसरा समोरून वाट अडवितो. कुत्रा पळण्याच्या बेतात येतो त्या क्षणी कडे त्याच्या पुढे पडते, तो स्वतःच्या वेगाने आत शिरतो, आणि जाळेवाला दांडा फिरवून जाळ्याला पीळ देतो, म्हणजे कुत्र्याला मागे वळता येत नाही. मग कडे जमिनीशी दाबून धरावयाचे, लस देणाऱ्याने मागच्या बाजूने येऊन जाळ्याच्या वरूनच मांडीच्या स्नायूत अथवा कातडीखाली एक मिलिलिटर लस द्यावयाची, पाठीवर अथवा डोक्यावर जनावरांसाठीच्या रंगाचा पट्टा ओढावयाचा, आणि जाळे मोकळे करावयाचे. सराव असलेल्या पथकाला हे सर्व एका मिनिटाच्या आसपास उरकते. नोंद ठेवणारा तेवढ्यात कुत्र्याचे लिंग, वय, निर्बीजीकरण झाले आहे की नाही, अंगावर काही व्याधी दिसते काय, हे मोबाईलवर टिपतो, आणि ती जागा अक्षांश-रेखांशासह आपोआप नोंदली जाते. एका कुत्र्याला धरताना इतर कुत्री भुंकत दूर सरकतात, म्हणून टोळीतील सर्वांत बुजरा कुत्रा आधी धरावा, धीट कुत्रा मागाहून हाती येतोच. या माणसांनी स्वतःला प्रतिबंधक लस आधी टोचून घेतलेली असावी लागते. हे काम जोखमीचे आहे. नगरपालिकांनी त्याला हंगामी मजुरीचा दर लावू नये, कायम पगाराची जागा द्यावी, असे मला कळकळीने वाटते, कारण कसबी जाळेवाला एकदा सोडून गेला की त्याच्यामागे पथकाचे काम निम्म्यावर येते.

रंगाच्या त्या पट्ट्याचा खरा उपयोग संध्याकाळी अथवा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. लस देणाऱ्या पथकात नसलेला इसम दुचाकीवरून त्याच तुकड्यातील रस्ते फिरतो आणि दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याची नोंद करतो: पट्टा आहे, पट्टा नाही. समजा त्याला साठ कुत्री दिसली आणि त्यांतील बेचाळीसांवर रंग आहे. तर तेथे सत्तर टक्के काम झाले. पथकाने त्या तुकड्यात एकशे चाळीस मात्रा दिल्या असतील, तर तेथील कुत्र्यांची एकूण संख्या सुमारे दोनशे निघते, आणि स्वतंत्र शिरगणती न करता पुढील वर्षाची तजवीज करता येते. बेचाळीसांऐवजी तीसच कुत्र्यांवर रंग दिसला, तर पथक दुसऱ्या दिवशी नव्या तुकड्याकडे जात नाही, त्याच तुकड्यात परत येते. लस द्या, तपासा, मग पुढे चला, ही पद्धत आरंभीच्या काळात रांची शहरात राबविली गेली आणि पुढे गोव्यात रुळली. आपल्या कोणत्याही प्रतिबंधक मोहिमेत कामाची तपासणी इतकी तत्काळ आणि इतकी सोपी क्वचितच असते, आणि तरीही पुष्कळ ठिकाणी हाच टप्पा खर्चाची काटकसर म्हणून गाळला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

पिल्लांचा प्रश्न स्वतंत्र उल्लेखाला पात्र आहे. तीन महिन्यांखालील पिल्लांना लस देऊ नये असा प्रघात दीर्घकाळ होता. परंतु मोहिमेत हाती आलेले पिल्लू सोडून दिले तर ते पुन्हा वर्षभर हाती येत नाही, आणि आता झालेल्या अभ्यासांतून लहान पिल्लेही लसीला पुरेसा प्रतिसाद देतात असे दिसले आहे. म्हणून सापडेल त्या पिल्लाला लस द्यावी हेच इष्ट. लस दोन ते आठ अंश तापमानात राहावी यासाठी बर्फाच्या पेट्यांचा बंदोबस्त लागतो, तो मात्र आपल्याकडील पोलिओ मोहिमांनी पुरता अंगवळणी पाडला आहे.

निर्बीजीकरणाचा येथे पुष्कळदा घोटाळा होतो. कुत्र्यांची संख्या आटोक्यात राहावी म्हणून शस्त्रक्रिया आवश्यक आहे, प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाविषयीचे २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियमही तेच सांगतात, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी लस दिलीच जाते. पण एका केंद्रात दिवसाला मोजक्याच शस्त्रक्रिया होतात, कुत्र्याला काही दिवस ठेवून घ्यावे लागते, आणि त्या गतीने शहरातील सत्तर टक्के कुत्री एका वर्षात सुरक्षित होणे अशक्य आहे. पालिकेच्या अंदाजपत्रकात ही दोन कामे एकाच बाबीखाली दाखविली जातात, तेव्हा लसीकरणाचा निधी शस्त्रक्रियेच्या खर्चात मुरून जातो. त्यांची खाती निराळी असावीत.

मोहिमेचे तिसरे अंग रोगाचा माग काढण्याचे. पिसाळलेला कुत्रा दिसल्याची वर्दी देण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक, ती येताच जाणारे पथक, मृत कुत्र्याच्या मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत तपासण्याची सोय, आणि त्या कुत्र्याच्या संपर्कात आलेल्या माणसांचा व जनावरांचा शोध. गोव्यात या कामाला शाळांतील शिक्षणाची जोड दिली गेली आणि वर्षाला सुमारे दीड लाख मुलांपर्यंत, कुत्र्याजवळ कसे वागावे व चावल्यास काय करावे, हे पोहोचविले गेले. जेथे कुत्र्याची वर्दी येत नाही तेथे रोग नाही असे धरणे फसवे आहे. तेथे कदाचित नुसती वर्दी नाही. याच कारणाने कुत्र्यांतील प्रकरणे कमी होऊ लागली की तपासणी कमी करावयाची नसते, वाढवावयाची असते.

गोव्यातील या कामाचे फळ २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय निबंधात नोंदले गेले: सत्तर टक्के प्रमाण साधून ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस, २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांतील मासिक रेबीज प्रकरणांत ९२ टक्के घट, आणि माणसांतील मृत्यूंची समाप्ती. २०२१ च्या जूनमध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी तीन वर्षांत माणसाला रेबीज झाल्याचे एकही प्रकरण नसल्याचे जाहीर केले. देशातील एका संपूर्ण राज्यात हे घडावे, ही आपल्या सर्वांसाठी मोठ्या आश्वासनाची गोष्ट आहे.

पण अशा यशाला मुदत असते, हे चाड देशाची राजधानी एन्जामेना हिच्या अनुभवाने दाखविले आहे. तेथे २०१२ आणि २०१३ अशा दोन वर्षी शहरव्यापी मोहिमा झाल्या, दोन्ही खेपेस सत्तर टक्क्यांची मर्यादा ओलांडली, आणि २०१४ च्या जानेवारीपासून सुमारे नऊ महिने शहरात संक्रमण थांबले. नंतर विषाणू परतला, तो बहुधा शहराबाहेरून. सभोवतालच्या प्रदेशात मोहीम नव्हती, आणि कुत्र्यांची ये-जा, बहुशः माणसांच्याच वाहनांतून, चालूच होती. गोव्याची सरहद्द उत्तरेस सिंधुदुर्गाशी, पूर्वेस बेळगाव आणि दक्षिणेस उत्तर कन्नड जिल्ह्याशी लागून आहे. या हद्दीवर लग्नसमारंभांची, बाजारहाटांची, शेतमजुरांची वर्दळ रोजची असते आणि त्यांच्यासोबत कुत्रीही येतात-जातात. म्हणून जाळी आणि लसीच्या पेट्या घेऊन निघणाऱ्या पथकांची पुढील फेरी दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले, खानापूर, जोयडा आणि कारवार या तालुक्यांत आखली जावी, तिचा खर्च तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्याने उचलावा, आणि नकाशावरील तुकड्यांच्या हद्दी ठरविताना राज्याची रेषा नव्हे, तर कुत्र्यांची वहिवाट पाहिली जावी.